ओट्यावरची पावकी आणि पायरीवरचा मुलगा



मागे सुलतान बाजारातल्या जुन्या वाड्यांबद्दल लिहिलं होतं, त्यात आमच्या आजीच्या परवच्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर दोन-तीन तरुण मंडळींनी विचारलं, "काका, पावकी-दिडकी म्हणजे नेमकं काय? आणि ती पाठ असली की गणित खरंच चांगलं होतं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर सापडायला मला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि साठाव्या वर्षी निवृत्त झालो. पण आकड्यांशी संबंध जन्मभर आला, म्हणून लिहितो. लेख लांबला आहे, चहा घेऊन बसा.

माझा जन्म १९४९चा, हैदराबादचा. पोलीस अॅक्शन होऊन वर्षही झालं नव्हतं. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते, त्यामुळे राजधानीत मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होतीच. वकील, कारकून, मास्तर, भिक्षुक, दुकानदार, सगळे. पण राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठीतून शिकायचं तर आपल्याच लोकांनी शाळा काढायला हवी होती, आणि ती काढली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशा मंडळींच्या खटपटीतून १९०७ साली उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही त्यातली सर्वांना माहीत असलेली.

आमचे वडील महसूल खात्यात होते. त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. ऑफिसचे कागद ते उर्दूत लिहीत, उजवीकडून डावीकडे झरझर. पण बेरीज करायची वेळ आली की ओठ हलायचे ते मराठीत. "सात न्‌ आठ पंधरा, हातचा एक..." लहानपणी मला याची गंमत वाटे. पुढे बँकेत पाहिलं की तेलुगू कॅशियर नोटा तेलुगूत मोजतो, मारवाडी ग्राहक मारवाडीत, आणि इंग्रजी शाळेतून आलेला नवा पोरगा इंग्रजीत. माणूस नंतर दहा भाषा शिकेल, पण मोजतो तो बहुधा ज्या भाषेत पहिल्यांदा मोजायला शिकला तीत. ती भाषा त्याला घरानं आणि गल्लीनं दिलेली असते. शाळा त्यानंतर येते.

आमच्या घरी ती देण्याची वेळ ठरलेली होती. दिवेलागण झाली, तुळशीपाशी दिवा लागला की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचं. आधी शुभंकरोति आणि रामरक्षा, मग तिथी, वार, नक्षत्रं, मग पाढे. बे ते तीस झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. तर पावकी म्हणजे पावाचा पाढा. एकाचा पाव पाव, दोनाचा अर्धा, तिनाचा पाऊण, चाराचा एक, असं शंभरापर्यंत जायचं. निमकी अर्ध्याची, पाऊणकी पाऊणची, सवायकी सव्वाची, दिडकी दीडची, अडीचकी अडीचची, आणि औटकी साडेतीनची. आजकालच्या मुलांना हा छळ वाटेल. आम्हालाही वाटायचा.

पण हे पाढे कुणी हौसेनं रचलेले नव्हते, बाजारानं ते रचून घेतले होते. रुपयाचे आणे १६, आण्याच्या पै १२. शेराचे छटाक १६, मणाचे शेर ४०. आता पाहा. शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे. मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. डझनाला जितके आणे, नगाला तितक्या पै. कागद-पेन्सिल न लागता व्यवहार व्हायचा तो अशा युक्त्यांवर. पाव, अर्धा, पाऊण हे रोजच्या जगण्याचे तुकडे होते. दूध पाव शेर, चहाची पूड छटाकभर, गहू अडीच शेर. त्यामुळे संध्याकाळी ओट्यावर म्हटलेली पावकी सकाळी दुकानात कामाला येई, आणि दुकानात ऐकलेला हिशेब संध्याकाळी पावकीत भेटे. माझं गणित "चांगलं" होतं असं सगळे म्हणायचे. खरं म्हणजे ते दिवसातून दोनदा माझ्या कानावर पडत होतं.

त्यात आमच्या पिढीला, तेही हैदराबादेत, आणखी एक शाळा फुकट मिळाली. निजामाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का, वर चारमिनार. आणि इंग्रजांचा म्हणजे नंतर भारत सरकारचा तो कलदार. हिशेब असा की ७ हाली म्हणजे ६ कलदार. म्हणजे एका कलदारला साधारण १ रुपया २ आणे ८ पै हाली. १९५० नंतर कलदार आला तरी हाली १९५९पर्यंत कायदेशीर होता. म्हाताऱ्या माणसांच्या गाठोड्यात तर असायचाच. आमची आजी भाव ऐकला की पहिला प्रश्न विचारायची, "हाली का कलदार?" ते मिटतं न मिटतं तोच १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तिनाचे १९, चाराचे २५. मग १९५८पासून हळूहळू किलो-ग्रॅम आले आणि शेर गेला. म्हणजे माझ्या सहाव्या ते बाराव्या वर्षात घरात दोन रुपये, दोन प्रकारचे पैसे आणि दोन वजनं नांदत होती! प्रत्येक खरेदी म्हणजे एक उदाहरण.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्या मुलाकडे येतो. त्याचं नाव लिहीत नाही.

त्याची आई डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत भाजी विकायची. घरची तेलुगू. तो माझ्याच वयाचा, आईबरोबर फिरायचा. तराजू ती धरायची, हिशेब तो सांगायचा. आमच्या गल्लीत तेलुगू, दखनी आणि मराठी अशा तिन्ही भाषा चालत आणि तो तिन्हींत भाव करायचा. दखनीतलं ते "नक्को" आणि "ऐसाइच" मधला "च" आपल्या मराठीतूनच तिकडे गेलेले, त्यामुळे मराठीकडे यायला त्याला फार लांब यावं लागत नसे. आजीला तो अव्वा म्हणायचा.

संध्याकाळी उरलेली भाजी आजीला कमी भावात देऊन त्याची आई क्षणभर टेकायची, तेव्हा तो आमच्या पायरीवर बसून परवचा ऐकायचा. ओट्यावर नाही, पायरीवर. तसं कुणी त्याला सांगितलेलं मला आठवत नाही. सांगावं लागतच नव्हतं. मी ओट्यावर आणि तो पायरीवर हे त्या वेळी मला पाऊस वरून खाली पडतो तितकंच साहजिक वाटे. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

महिना-दोन महिन्यांत त्याला ऐकून ऐकून पावकी येऊ लागली. अर्थासकट! मी पाठ म्हणायचो, तो ताडून बघायचा. चार आण्यांच्या चिंचा एकदम घेतल्या तर २५ नवे पैसे, पण एकेक आण्याच्या चार वेळा घेतल्या तर २४च, ही गोम आम्हा पोरांना त्यानंच दाखवली. कोपऱ्यावरच्या तेलुगू शेटजींनी दोन दिवसांत ती बंद केली ते सोडा.

आजीला तो आवडायचा. त्याला कारण होतं. आजी मराठवाड्यातली, शाळेत एक दिवस गेलेली नाही. तिचे भाऊ पंतोजींकडे जायचे आणि संध्याकाळी घरी घोकायचे. ही माजघरात भाकऱ्या थापता थापता ऐकायची. भावांपैकी एकाला औटकी शेवटपर्यंत आली नाही, हिला आली. सही मात्र जन्मभर जमली नाही. ऐकून आलेली विद्या म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनंच त्याच्या आईला सांगितलं, "अगं, याला शाळेत घाल. डोकं आहे पोराला." आणि वडिलांना मागे लागून माझ्याच शाळेत, तिसरीत, त्याचं नाव घालायला लावलं. १९५८ची गोष्ट.

शाळेचं नाव आणि गुरुजींचं नाव घेत नाही. गुरुजी वाईट नव्हते, त्या काळचे होते. एकदा त्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. शेराला चौदा आणे, तर साडेतीन शेराला किती? आम्ही पाट्या पुसतोय तोवर मागून आवाज आला, "तीन रुपये एक आणा." गुरुजी म्हणाले, "रीत दाखव." तो उभा राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते आज मी सांगू शकतो, कारण दुपारी त्यानं मला सांगितलं होतं. चार शेराचे छप्पन्न आणे, म्हणजे साडेतीन रुपये. त्यातून अर्ध्या शेराचे सात आणे काढले, राहिले तीन रुपये एक आणा. किती सुंदर रीत! पण ती त्याला तेलुगूत आणि दखनीत येत होती. फळ्यावर पाहिजे होतं शुद्ध मराठीतलं त्रैराशिक. तो गप्प राहिला. गुरुजी म्हणाले, "कुणाचं तरी बघून सांगतोस." छडी बसली.

मी मुकाट्यानं त्याचं उत्तर पाटीच्या तळाशी लिहिलं, वर नीट त्रैराशिक मांडलं आणि पाटी दाखवली. मला शाबासकी मिळाली. रीत माझी होती, उत्तर त्याचं होतं. मी बोललो नाही. आठ-नऊ वर्षांचा होतो हे खरं, पण कळत नव्हतं असं नाही.

वर्ष संपायच्या आत त्यानं शाळा सोडली. "याच्या डोक्यात काही शिरत नाही" असा निरोप घरी गेला होता. त्याच्या आईनं आजीला एवढंच म्हटलं, "जाऊ द्या अम्मा, मला तरी हाताशी पाहिजेच." पुढच्या वर्षी आम्ही काचीगुड्याला घर बदललं. तो पुन्हा भेटला नाही.

आता थोडं मोठेपणी कळलेलं सांगतो.

ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथे रस्त्यावर नारळ, मका विकणाऱ्या पोरांचा तीन संशोधकांनी अभ्यास केला आणि १९८५ साली तो छापला. त्यांनी आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले, नंतर तेच आकडे कागदावर शाळेसारखे मांडून विचारले. ठेल्यावर पोरांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. कागदावरच्या नुसत्या गणितांत ३७ टक्के. ३५ क्रूझेरोला एक नारळ तर दहा नारळांचे किती, यावर एका बारा वर्षांच्या मुलानं तीन नारळांचे १०५, सहाचे २१०, नऊचे ३१५ आणि वर एक, म्हणजे ३५०, असं केलं. "दहानं गुणायचं तर शून्य लाव" ही शाळेची रीत त्यानं वापरलीच नाही. हे मी माझ्या मुलीकडून ऐकलं (ती शिक्षिका आहे) तेव्हा मला पायरीवरचा तो मुलगा डोळ्यांसमोर दिसला. चार शेराचे छप्पन्न, वजा सात.

आणि हे काही जुनंपुराणं नाही. २०२५ साली 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, तो आपल्याच कोलकाता-दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर. तिथेही हेच. दुकानात बसणारी मुलं भरभर हिशेब करतात आणि शाळेच्या गणितात अडतात. पण त्यात दुसरी बाजूही होती, ती मला जास्त महत्त्वाची वाटली. शाळेत चांगली असलेली, बाजारात काम न केलेली मुलं बाजाराच्या हिशेबात अडखळतात. म्हणजे कमी दोघांकडे आहे. एकाकडचं दुसऱ्याकडे नेणारा पूल कुणी बांधत नाही. माझ्या बाबतीत तो पूल आयता होता. घर, गल्ली आणि शाळा तिन्हीकडे मराठी होती आणि आजी मध्ये बसलेली होती. त्याला तिसरं टोक जोडून द्यायला कुणी नव्हतं.

भाषेचाही यात मोठा वाटा आहे. तेलुगूत एकवीस म्हणजे "इरवै ओकटि", वीस आणि एक. आकडा लिहितो त्याच क्रमानं. आपल्याकडे एकवीस, आधी एक मग वीस. त्यात एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी! पाऊण हा शब्दही तसाच, एकाला पाव कमी. तेलुगूत पाऊणला "मुप्पावु", म्हणजे सरळ तीन पाव. यात कोण चांगलं कोण वाईट असं नाही. एकोणतीस कळलं की तिसातून एक वजा करण्याची सवय आपोआप लागते. पण ते कळायला घरात कुणीतरी ते शब्द रोज वापरणारं हवं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! आमच्या इथल्या मराठी कट्ट्यावरही मंगलाताई नारळीकरांच्या समितीवर तोंडसुख घेतलं गेलं, त्यात मीही होतो. नंतर विचार केला. ज्या मुलाच्या घरी "एकोणसत्तर" हा शब्द कुणी उच्चारत नाही, त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे फळ्यावरचं त्रैराशिकच की. बाईंचा मुद्दा त्या मुलासाठी होता. जुने शब्द जावेत असं मला अजूनही वाटत नाही. पण ते टिकवायचं काम आधी घराचं आहे, सगळा भार पहिली-दुसरीच्या पोरांवर टाकून कसं चालेल?

ताराबाई मोडकांना हे फार आधी उमगलं होतं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. परदेशी महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले घेतले. अनुताई वाघांनी तेच पुढे चालवलं. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, इतकी साधी गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गात कुणी नुसतं म्हटलं असतं, "तुझ्या भाषेत सांग बाळ, कसं केलंस?" तर!

बँकेत असताना हा मुलगा मला वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिला. मराठवाड्यात एका शाखेत होतो. १९७२पासून गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची कर्ज योजना होती, तिचे अर्ज भरून घ्यायचो. एक भाजीवाली मावशी अंगठा लावणारी. तिला म्हटलं, मावशी, चार टक्के म्हणजे शंभराला वर्षाचे चार रुपये. ती म्हणाली, "साहेब, सावकार सकाळी नव्वद देतो न्‌ दिवस मावळता शंभर घेतो. तुमचं वरसाचं त्याच्या अर्ध्या दिसाचंबी न्हाई." मी मनात गणित करून बघितलं. नव्वदावर दहा, म्हणजे एका दिवसात अकरा टक्क्यांच्या वर. बाईचं बरोबर होतं. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र तिच्या नावापुढे "अशिक्षित" लिहिलेलं होतं, आणि तो रकाना माझ्याच हातानं भरलेला होता. त्या दिवसापासून मी नव्या क्लार्क पोरांना सांगायचो, स्लिप भरून द्या, पण हिशेब शिकवायला जाऊ नका.

आता "पाठ असली की गणित चांगलं होतं का?" याचं उत्तर. माझा एक चुलतभाऊ औटकी घडाघडा म्हणायचा, पण दुकानात पाठवला की मोड मोजून आणता येत नसे, कारण त्याला कधी दुकानात पाठवतच नसत. नुसतं पाठांतर उपयोगाचं नाही आणि नुसता बाजारही पुरत नाही. मूल रोज कानांनी ऐकतं, हातांनी करतं आणि वर कुणीतरी त्याला "कसं केलंस?" असं प्रेमानं विचारतं, तेव्हा ते शिकतं. हे तिन्ही ज्याला मिळालं त्याला आपण हुशार म्हणतो. ज्याला एखादंच मिळालं त्याच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणतो.

माझी नात इंग्रजी शाळेत आहे. तिला औटकी शिकवायला मी गेलो नाही, साडेतीन शेर काही आता तिला घ्यायचे नाहीत. पण रविवारी रयतू बाजारात तिला नेतो. फोन खिशात ठेवतो, रोख पैसे तिच्या हातात देतो. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो हे शब्द मराठीत वापरतो, भाजीवाल्या अम्मा तेलुगूत आकडा सांगतात आणि ती इंग्रजीत पुटपुटते. तिची रीत कधीकधी मला कळत नाही. मग मी विचारतो, "कसं केलंस, सांग बघू." ती सांगते. कधी चुकते, कधी माझ्या आधी उत्तर काढते.

भाजीवाल्या अम्मांचा एक मुलगा असतो तिथे, आठ-दहा वर्षांचा. परवा नातीचं आणि त्याचं उत्तर एकदमच आलं. मी दोघांनाही विचारलं, "कैसे किया?" तो लाजला, मग बोटांवर दाखवू लागला. आम्ही तिघं पायरीवर बसूनच ते बघितलं.

तुमच्या घरी परवचात काय काय म्हणत? बेळगावकडे, इंदूर-बडोद्याकडे हे पाढे कोणत्या नावांनी होते? आणि तुमच्याही पायरीवर कुणी बसत होतं का? आठवत असेल तर जरूर लिहा.